बेत पौषात, भाजी वैशाखात

परसबागेची पुस्तकं बहुधा बियांपासून सुरू होतात. कोणतं बी, किती खोल, दोन रोपांत किती अंतर. ही पुस्तिका पाण्यापासून सुरू होते आणि बी तिच्यात बऱ्याच उशिरा येतं, कारण ती केडगावसाठी लिहिली आहे. उत्तरेला भीमा, दक्षिणेला खडकवासल्याचा कालवा, मधून पुणे-दौंड लोहमार्ग आणि सगळीकडे ऊस-कांदा, असं हे गाव बाहेरून येणाऱ्याला हिरवंगार वाटतं. पण हा हिरवेपणा आणलेल्या पाण्याचा आहे. आभाळातून दौंड तालुक्याला वर्षाकाठी जेमतेम साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस मिळतो. सह्याद्री ओलांडून येणारे ढग इथे पोचेपर्यंत रिते झालेले असतात. भीमेपलीकडे शिरूरच्या बाजूलाही तीच गत. कालव्याचं आवर्तन वेळेवर आलं तर विहिरी तग धरतात, लांबलं की बोअर घरघरायला लागतात. ज्या घराला शेत नाही, कालव्यात वाटा नाही आणि नळाला रोज पाणी येईलच याची खात्री नाही, अशा घराच्या मागच्या तीन-चार वाफ्यांचा विचार या पुस्तिकेत केला आहे.

पंचांगातला वसंत म्हणजे चैत्र आणि वैशाख. पाडव्याला गुढी उभारतो तेव्हा इथलं दुपारचं ऊन पस्तीस अंशांच्या पुढे गेलेलं असतं, आणि वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत बी टाकायला बसलं तर माती साथ देत नाही. कोथिंबीर उगवते न उगवते तोच फुलावर येते, मेथी बोटभर होऊन पिवळी पडते, टोमॅटोचं फूल फळ न धरताच गळून जातं. म्हणजे वसंतात जे खायचं ते वसंताच्या आधी जमिनीत गेलं पाहिजे, आणि त्याचा बेत त्याच्याही आधी, पौषात, अंगावर स्वेटर असताना व्हायला हवा. युरोप-अमेरिकेतले बागवाले दंव गोठण्याची शेवटची रात्र कोणती असेल ते धरतात आणि तिथून पुढचे आठवडे मोजतात. केडगावात ती अडचण नाही. इथे मोजणी दुसऱ्या टोकाने करायची. भर वैशाखात रोज किती बादल्या पाणी झाडांना देता येईल, तो आकडा आधी लिहायचा आणि तिथून मागे येत येत माघापर्यंत पोचायचं.

हिशेब अवघड नाही. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. दहा फूट बाय दहा फुटांचा वाफा सव्वानऊ चौरस मीटरच्या आसपास भरतो. जानेवारीत ऊन आणि वारा मिळून त्या वाफ्यातून दिवसाला साधारण तीन-साडेतीन मिलिमीटर पाणी ओढून नेतात. म्हणजे तीसेक लिटर, पंधरा लिटरच्या दोन बादल्या. मे महिन्यात तोच वाफा सात मिलिमीटर मागतो. पासष्ट लिटर, चार बादल्या आणि वर थोडं. पाच माणसांच्या घरात भाजी-तांदूळ धुतल्याचं, भांडी विसळल्याचं, कपडे शेवटचे खळबळल्याचं पाणी नीट साठवलं तर सहा-सात बादल्यांचा अंदाज धरायला हरकत नाही. जानेवारीत ते पाणी तीन वाफ्यांना पुरतं. मे महिन्यात दीड वाफ्याला.

म्हणून इथला आराखडा आकसत जाणाऱ्या बागेचा आहे. माघात तीन वाफे आणि एक मांडव. होळीनंतर दोन वाफे आणि मांडव. चैत्र संपता संपता फक्त मांडव आणि त्याच्या सावलीतला एकच वाफा. उरलेले वाफे आपणहून सोडून द्यायचे, शेवटची भाजी काढून घ्यायची, वर उसाचं पाचट अंथरायचं आणि मिरगापर्यंत त्यांच्याकडे बघायचं नाही. हे सांगायला सोपं आणि करायला फार जड आहे. हाताने लावलेलं झाड सुकताना बघवत नाही, म्हणून माणूस आहे तेच पाणी सगळीकडे थोडं थोडं शिंपडत राहतं. वरची माती भिजते, मुळापर्यंत ओल जात नाही, आणि पंधरा दिवसांत तिन्ही वाफे हातचे जातात. माझ्या मते या भागातल्या परसबागा सगळ्यात जास्त याच वळणावर बुडतात, आणि खापर मात्र बियांवर फुटतं. कोणता वाफा कधी सोडायचा हे पौषातच कागदावर लिहून ठेवलं तर एप्रिलमध्ये मन घट्ट करावं लागत नाही.

असा शेवटाकडून सुरुवातीकडे मोजलेला बेत या गावाला नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. अमेरिकेत त्यांच्या कामासाठी स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं मदत करण्याचं कबूल केलं होतं आणि ती मुदत १८९८ च्या सुमारास संपणार होती. त्यानंतर संस्थेला स्वतःचं उत्पन्न असावं म्हणून त्यांनी आधीच केडगावजवळ माळरान घेतलं, विहिरी खणल्या आणि फळझाडं लावायला सुरुवात केली. संत्रं किंवा आंबा लावल्यावर हाताशी लागेल इतकं पीक यायला चार-पाच वर्षं जातात. पैसा कधी थांबणार ते ठाऊक, झाड कधी फळणार ते ठाऊक. लागवडीचं साल त्यातूनच निघतं. पुढे त्या जमिनीचं भवितव्य बदललं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, तेव्हा मुलींना केडगावच्या शेतावर आणलं गेलं. फळबागेसाठी घेतलेल्या माळावर आधी तात्पुरता निवारा आणि मग मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतल्या मुलीही आल्या, आणि तिथे राहणाऱ्यांची संख्या दीड हजारांच्या वर गेली. विणकाम, तेलाचा घाणा, छपाई यांच्याबरोबर शेतीही त्या मुलींच्या शिक्षणाचा भाग होती. रमाबाईंचं नाव निघालं की त्यांचं संस्कृत आठवतं, १८८२ ची हंटर आयोगापुढची साक्ष आठवते, बायबलचं मराठी भाषांतर आठवतं. विहिरीचं पाणी आणि तोंडांची संख्या यांचा मेळ घालत बसलेल्या रमाबाई फारशा कुणाला आठवत नाहीत. ५ एप्रिल १९२२ रोजी, उन्हाळ्याच्या तोंडावर, त्या याच गावात गेल्या. परसबागेचं पुस्तक केडगावात लिहिताना त्यांना पहिला नमस्कार घातला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पाण्याइतकीच मोजायची दुसरी गोष्ट म्हणजे हात. बागकामाच्या पुस्तकांत हातांचा हिशेब सहसा नसतो. जणू माळी चोवीस तास घरी बसलेला आहे. केडगावात फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी काढणीला येते, त्यापाठोपाठ उन्हाळी कांदा. उसाची तोडही तेव्हा चालू असते. कांदा काढायला, कापायला, भरायला घरातली बाई सकाळी डबा घेऊन जाते ती दिवस कलल्यावर येते. नेमके तेच दिवस भेंडी दिवसाआड तोडण्याचे, वेल मांडवावर चढवण्याचे आणि मावा पहिल्यांदा दिसण्याचे असतात. घरातले कोण, कोणत्या आठवड्यात, किती वाजता मोकळे असतात हे लिहिल्याशिवाय वाफ्यांची संख्या ठरवू नये. मुलांच्या परीक्षाही मार्चमध्येच असतात. मार्चमध्ये संध्याकाळी अर्धा तास देणारा एकच माणूस असेल तर गवार लावावी, ती चार दिवस थांबते. भेंडी लावू नये. भेंडीला दोन दिवस विसरलं की तिचं लाकूड होतं आणि झाड पुढची फुलं आवरतं घेतं.

आता पेरणीकडे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी शिजते तेव्हा घरात हरभऱ्याचे घाटे, पावटा, घेवडा, वांगी, गाजर, वाटाणा सगळंच असतं. टोपली भरलेली असते त्याच दिवशी पुढचा बेत करायचा, म्हणजे चैत्रातल्या रिकाम्या टोपलीची आठवण राहते. टोमॅटो, वांगी आणि मिरचीचं रोप तर मार्गशीर्षातच टाकलेलं हवं. ते जानेवारीअखेर वाफ्यात गेलं की मार्चअखेरीस टोमॅटो लालीवर येतो आणि पुढचा महिना-सव्वा महिना घर निभावतं. नंतर रात्रीही तापू लागतात आणि नवं फळ धरेनासं होतं. त्या झाडाला पाणी घालत राहण्यात अर्थ नसतो. वांगं आणि मिरची मात्र सावली-पाचट मिळालं तर उन्हाळा काढतात आणि पहिल्या पावसाला पुन्हा फुटतात. हे दोघे या भागातल्या परसातले सगळ्यात खंबीर गडी.

दोडका, कारलं, काकडी, दुधी यांचं बी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. रात्री अजून गार असतात, म्हणून थेट आळ्यात न लावता दुधाच्या रिकाम्या पिशवीत माती-शेणखत भरून लावावं आणि रात्री पिशव्या घरात किंवा चुलीच्या भिंतीपाशी ठेवाव्यात. कारल्याच्या बियांचं कवच टणक असतं. टोक नखाने हलकेच मोडून बी रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं तर उगवण एकसारखी होते. रोपाला दोन-तीन खरी पानं आली की आळ्यात. पेरणीपासून पन्नास-साठ दिवसांत पहिला दोडका हाताला लागतो आणि पाडव्यापासून पुढे सहा-आठ आठवडे वेल देत राहतो. भेंडीला गरम माती लागते, तिचं बी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात टाकावं. पालेभाज्या एकदम पेरू नयेत. मेथीची हातभर रुंद पट्टी दर दहा-बारा दिवसांनी टाकत गेलं तर महिन्याभरात पहिली पट्टी काढायला येते आणि घरात रोज थोडी भाजी राहते. सगळा वाफा एकदम पेरला तर एक आठवडा मेथीचा आणि पुढचे तीन बाजाराचे. फेब्रुवारीअखेर मेथी थांबवावी. तिच्या जागी राजगिरा, तांदळजा, लाल माठ, चवळीचा पाला. आणि घोळ. घोळीला लोक तण म्हणून उपटून टाकतात, पण एप्रिल-मेच्या उन्हात इतक्या थोड्या पाण्यावर इतकी रसरशीत राहणारी दुसरी पालेभाजी मला ठाऊक नाही.

दुसरी पेरणी अक्षय्य तृतीयेची. त्या दिवशी आळी घालण्याची आपल्याकडची जुनी चाल आहे. हळद आणि आल्याची लागवडही त्याच सुमारास होते. माघातले वेल थकत आलेले असतात आणि अखितीला लावलेले वेल पावसाळ्यात मांडव ताब्यात घेतात. पुस्तिकेत या पेरणीला एकच पान दिलं आहे, कारण तिथून पुढचं काम पाऊस करतो.

मांडव कुठे घालायचा यावर मात्र बरीच पानं खर्च केली आहेत. उत्तरेकडच्या देशांतल्या पुस्तकांत एक नियम हमखास असतो: उंच झाडं उत्तरेला लावा, म्हणजे त्यांची सावली बागेवर पडणार नाही. केडगाव साधारण साडेअठरा अक्षांशांवर आहे. मे महिन्याच्या मध्यावर एके दुपारी सूर्य इथे थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर जूनभर तो दुपारी किंचित उत्तरेकडूनच जातो. त्या नियमाचा आपल्याला उन्हाळ्यात काही उपयोग नाही. उलट आपल्याला सावली हवी असते, आणि ती दुपारी दोननंतर हवी असते, कारण झाडं कोमेजतात ती पश्चिमेच्या उन्हाने. म्हणून मांडव वाफ्याच्या पश्चिमेला, त्याच्याही मागे शेवगा, आणि मांडवाच्या पूर्वेला टेकून पालेभाजीचा वाफा. सकाळचं ऊन पूर्ण मिळतं, दुपारी दोडक्याची पानं सावली धरतात. वेल वाढायच्या आधीच्या आठवड्यांत जुनं सुती लुगडं दोन बांबूंना बांधलं तरी काम भागतं. शेवग्याचं पान तर वर्षभर भाजीला येतं.

मांडव घातला की संध्याकाळी त्याच्याखाली थोडं थांबावं. दोडक्याचं पिवळं फूल दिवस मावळताना उमलतं, घोसाळ्याचं पहाटे. दोन्ही भावकीतले वेल, पानं जवळपास सारखी, पण फुलण्याची वेळ वेगळी. दुधीचं पांढरं फूलही तिन्हीसांजेचं, कारल्याचं सकाळचं. फुलाच्या देठाशी बघायचं. जिथे बारीकसा दोडका आधीपासून लटकलेला दिसतो ते मादी फूल. सरळ देठावरचं ते नर. सुरुवातीचे काही दिवस नुसती नर फुलं येतात, तेव्हा घाबरायचं कारण नाही. कडक उन्हातही नर फुलांचं प्रमाण वाढतं, म्हणून जानेवारीत लावलेला वेल मार्चमध्ये लावलेल्यापेक्षा जास्त फळतो. मधमाशा आणि पतंग येत नसतील तर नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या मागे मुडपून, परागाची दांडी मादी फुलाच्या मधल्या गड्ड्यावर हलकेच फिरवावी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बारीक फळाचा रंग हिरवाच राहिला आणि ते फुगू लागलं तर साधलं. पिवळं पडून गळलं तर नाही. लहान मुलांना हे काम एकदा दाखवावं. ती पुढे रोज संध्याकाळी स्वतःहून मांडवाखाली जातात.

ज्यांच्याकडे वैशाखात दोनच बादल्या पाणी उरतं त्यांच्यासाठी मडक्याचा उपाय आहे. मागच्या उन्हाळ्यातला माठ गार पाणी देईनासा झाला की आपण तो बाजूला टाकतो. तो फुटका नसेल तर चुन्याचे-क्षारांचे डाग काथ्याने घासून काढावेत, गळ्यापर्यंत मातीत पुरावा आणि भोवती चार कारल्याचे किंवा काकडीचे वेल लावावेत. तोंडावर परळ ठेवावा, नाहीतर डास होतात. माठाच्या भिंतीतून पाणी झिरपत राहतं, आणि माती कोरडी झाली की जास्त, ओली असली की कमी, असं ते आपलं आपण जमवून घेतं. दोन-तीन दिवसांनी परळ उचलून पाहिलं की पाणी किती उतरलं ते कळतं. वरची माती कोरडी ठणठणीत, आणि चार बोटं उकरलं तर माठाच्या पोटाशी पांढऱ्या मुळ्यांचं जाळं चिकटलेलं. कामावरून उशिरा येणाऱ्या घरासाठी यापेक्षा चांगली सोय नाही.

पाण्याचा प्रकारही बघावा लागतो. वर्षानुवर्षं ऊस आणि कालवा असलेल्या पट्ट्यात बऱ्याच जमिनी चोपण झाल्या आहेत आणि काही बोअरचं पाणी मचूळ आहे. वाफा वाळल्यावर वर पांढरी साय दिसत असेल तर घेवडा आणि कांद्याची पात यांचा नाद सोडावा. पालक आणि बीट असं पाणी त्यांच्यापेक्षा बरं सोसतात. कपड्यांचं पहिलं साबणाचं पाणी वाफ्यात घालू नये, त्यातला सोडा चोपण आणखी वाढवतो. ते मोरीमागच्या खडी-वाळूच्या खड्ड्यातून केळ, कर्दळ आणि अळूकडे जाऊ द्यावं. कच्च्या खायच्या कोथिंबीर-पुदिन्याला सांडपाणी कधीच नको. गुऱ्हाळावरची राख फुकट मिळते म्हणून लोक आणून टाकतात. ती अल्कधर्मी असते, चोपण जमिनीत तिने भर पडते ती दुखण्यातच. शेणखत मात्र मुरलेलं, वास गेलेलं, हातात भुसभुशीत लागणारं हवं. कच्च्या शेणात हुमणी वाढते, आणि उसाच्या गावात हुमणी घरी बोलावण्यासारखा दुसरा घात नाही. पाचट जाळू नका असं कृषी खातं अनेक वर्षं सांगतं आहे. परसबागेला एका गाडीभर पाचटाची गरज असते. शेजारच्या फडातून मागून आणावं. तीन बोटं जाड थराने वाफ्याचं पाणी किती वाचतं हे दोन दिवस शेजारी शेजारी उघडा आणि झाकलेला वाफा ठेवून स्वतः पाहावं.

फोडणीला आणि चहाला लागणारी पाती वेगळ्या प्रकरणात आहेत, कारण त्यांची जागा वाफ्यात नाही, स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. लग्नसराईत कोथिंबिरीची जुडी कडाडते तेव्हा तीच घरची असावी असं सगळ्यांना वाटतं आणि तीच सगळ्यात आधी दगा देते. धने चपलेखाली हलके रगडून दुभंगावेत, बारा तास भिजवावेत आणि फेब्रुवारीनंतर फक्त सावलीत पेरावेत. पाच-सहा आठवड्यांत जुडी तयार होते. पुदिना बाजारातल्याच जुडीतल्या जाड काड्यांपासून लागतो, नळाखालच्या ओलीत त्याला सोडून द्यावा. गवती चहाचं बेट शेजारणीकडून फोडून आणावं. पानओव्याची फांदी डब्यात खोचली की झालं. लसणाच्या पाकळ्या पसरट डब्यात दाटीने लावल्या तर महिन्याभरात पात कापायला येते. कढीपत्त्याला धीर धरावा लागतो, पण एकदा रुजला की पिढीभर पुरतो.

किडींबद्दल थोडक्यात. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना पाच टक्के निंबोळी अर्क बहुतेक वेळा पुरतो: दहा लिटर पाण्याला अर्धा किलो निंबोळीची भरड, रात्रभर भिजवून, गाळून, चमचाभर साबणचुऱ्यासह संध्याकाळी फवारायचा. पण निंबोळ्या पडतात पावसाळ्याच्या तोंडाला. मार्चमध्ये अर्क हवा असेल तर आदल्या जून-जुलैत त्या वेचून, सावलीत वाळवून ठेवलेल्या हव्यात. भेंडीची पानं शिरांपासून पिवळी पडू लागली तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असतो. ते झाड उपटून टाकावं, त्यावर औषध नाही.

बियांचं प्रकरण शेवटी आहे. केडगावहून पुण्याकडे निघालं की वाटेत उरुळी कांचन लागतं. १९४६ साली गांधीजींनी तिथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला, मणिभाई देसाई तिथेच राहिले आणि १९६७ साली त्यांनी त्याच गावी बाएफ ही संस्था काढली. पुढे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली तीही बाएफच्या साथीने. शाळेत न गेलेल्या या बाईंचं नाव २०२० सालच्या पद्मश्रीच्या यादीत आलं. त्यांच्या कामाची सुरुवात परसातूनच झाली, घरच्या वाल-घेवड्यापासून. त्यांचं उदाहरण मी केवळ आदराने देत नाही, त्यात उपयोगाची गोष्ट आहे. घरचं बी म्हणजे त्याच मातीत, त्याच पाण्यावर, त्याच उन्हात टिकलेल्या झाडाचं बी. संकरित बियांना माझा विरोध नाही; टोमॅटोला रोगाचा त्रास फार असेल तर जरूर घ्यावं. पण वांगं, चवळी, राजगिरा, दोडका यांचं बी दर वर्षी विकत आणण्याचं कारण नाही. दोडक्याचं पहिल्या बहरातलं एक चांगलं फळ वेलावरच वाळू द्यावं. हलवल्यावर आत बी खुळखुळलं की काढावं आणि राखेत घोळून बाटलीत ठेवावं. वेलवर्गीय भाज्यांत परागांची सरमिसळ होते, म्हणून जवळपास दोडक्याचा दुसरा वाण नसेल याची काळजी घ्यावी. वांग्याला तेवढी धास्ती नाही.

श्रीपाद दाभोळकरांनी ‘विपुलाच सृष्टी’त दहा गुंठ्यांवर एका कुटुंबाच्या जगण्याचा विचार मांडला आहे. इथे तेवढी जमीन गृहीत धरलेली नाही. पाऊण गुंठ्याची, म्हणजे आठशे चौरस फुटांची जागा असली तरी सगळा आराखडा बसतो. जागतिक आरोग्य संघटना माणसी रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते. पाच माणसांना दोन किलो. तेवढं सगळं या बागेतून निघणार नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. पण पालेभाजी, मिरची, कोथिंबीर आणि आठवड्यातून दोन-तीनदा वेलाची भाजी निघते, आणि पैसे देऊन ताजी मिळणं सगळ्यात कठीण असतं ते नेमकं याच भाज्यांचं. कांदा-बटाटा बाजारातून आणावा. केडगावच्या कांदा बाजाराशी परसबागेने स्पर्धा करायची नाही.

पुस्तिका उघडण्याआधी या आठवड्यात दोन कामं करून ठेवा. घरातलं धुण्या-विसळण्याचं पाणी तीन दिवस साठवून रोजच्या बादल्या मोजा. आणि परसात सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता ऊन कुठे पडतं ते खडूने किंवा चार दगड ठेवून खूण करा. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी कोरा तक्ता दिला आहे, त्यात हे आकडे भरा आणि मग पुढे जा. बादल्या चारपेक्षा कमी भरल्या तर वाफ्यांची प्रकरणं सध्या बाजूला ठेवून थेट मडक्यांच्या प्रकरणाकडे वळा. तिथे दोन बादल्यांत चालणारी बाग दिली आहे.